बिनशिक्क्याचा दगड

क्योतोमध्ये धारेचा नैसर्गिक दगड शोधायला निघालेल्या नवख्या माणसाला सगळ्यात आधी चक्रावून टाकतात त्या किमती. एकाच फळीवर जवळजवळ सारख्या रंगाचे दोन दगड ठेवलेले असतात. एकावर शाईचा शिक्का, आणि किंमत लाखभर येनच्या पुढे. दुसरा वेडावाकडा, कोपरा तुटलेला, कुठेही अक्षर नाही, आणि तो तीन-चार हजार येनला मिळतो. दोन्ही एकाच डोंगररांगेतले असू शकतात. मग पैसे कशाचे द्यायचे? दगडाचे, आकाराचे की शिक्क्याचे? हा प्रश्न पडला तेव्हा मी वस्तऱ्याने दाढी करायला नुकता शिकलो होतो आणि दगडातलं मला काही कळत नव्हतं. पण वस्तरा माझा होता, गाल माझा होता, त्यामुळे धारही आपल्याच हाताने लावायची हे मनात पक्कं होतं.

वस्तरा म्हणजे इथे एकसंध पोलादी पात्याचा, मुठीत दुमडणारा. आपल्याकडच्या सलूनमधून तो गेला त्याला बराच काळ लोटला. आता तिथे अर्धं ब्लेड मोडून बसवतात आणि गिऱ्हाइकागणिक बदलतात. आरोग्याच्या दृष्टीने तेच योग्य आहे. जपानी न्हाव्यांनीही बदलत्या पात्याचे वस्तरे घेतले. त्यामुळे चांगल्या पोलादाचे जुने वस्तरे आणि ते ज्यांवर पाजळले जात ते दगड, दोन्ही तिथल्या जुन्या बाजारांत येऊन पडले आहेत.

असाच एक बाजार क्योतोच्या तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला भरतो. कूकाई या थोर बौद्ध आचार्यांची पुण्यतिथी २१ची, म्हणून ही तारीख. तिथल्या एका ठेल्यावर रंधे, पटाशा, करवती मांडलेल्या होत्या आणि खाली पुठ्ठ्याच्या खोक्यात धुळीने माखलेले दगड होते. ठेलेवाले आजोबा म्हणाले, "अवासेदो आहेत." अवासेदो म्हणजे धारेवर शेवटचा हात फिरवायचा, सगळ्यात बारीक दगड. मी विचारलं, "कुठल्या खाणीचे?" ते म्हणाले, "ते मला कसं सांगता येईल? शिक्का नसलेल्या दगडाची खाण छातीठोकपणे सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्याकडून घेऊ नका." त्यांच्या या वाक्यावर माझा विश्वास बसला आणि मी खोक्याशेजारी बसलो.

त्या खोक्यातल्या वेड्यावाकड्या तुकड्यांना 'कोप्पा' म्हणतात. खाणीतून निघालेल्या लादीतून ठरावीक मापाच्या विटा कापल्या की उरतात ते हे तुकडे. सुताराला रंध्याचं रुंद पातं घासायचं असतं. त्याला मोठा, चौकोनी, सरळ दगडच लागतो, म्हणून त्या मापाला भाव आहे. वस्तऱ्याचं तसं नाही. पातं हलकं, धार जेमतेम सात सेंटिमीटरची, आणि हात तिरका ओढला की अरुंद दगडावरही टोकापासून टाचेपर्यंत सगळी धार लागते. सुताराला अपुरा पडणारा तुकडा वस्तऱ्याला पुरतो. स्वस्ताईचं हे कारण कळल्यावर माझा निम्मा गोंधळ मिटला.

आजोबांनी पाण्याची बाटली पुढे केली. दगडावर पाणी ओतलं की दोन गोष्टी कळतात. एक, पाणी किती लवकर शोषलं जातं: मऊ दगड ते पटकन पितो, घट्ट दगडावर ते तसंच उभं राहतं. दुसरं, कोरड्या धुळीत न दिसणाऱ्या रेषा आणि भेगा ओल्या पृष्ठभागावर उमटतात. मग रेषेवरून आडवं नख फिरवायचं. नख अडलं तर ती रेष धारेलाही ओरखडणार. नुसताच रंग असेल, नखाला काही जाणवत नसेल, तर तिला भ्यायचं कारण नाही. बाजूंनी थर सुटताहेत का तेही बघायचं. मी निवडलेला तुकडा पिवळसर राखाडी होता, पाठीवर तांबूस खरबरीत साल होती, पाणी त्यावर थबकून राहत होतं आणि एका कोपऱ्यात बारीक काळी रेष होती. ती नखाला किंचित जाणवली, पण कोपऱ्यातच होती. ३,५०० येनला व्यवहार झाला.

घरी आणल्यावर खरा गोंधळ सुरू झाला, कारण जपानी दगडांची परिभाषा अफाट आहे. खाणीतला थर कुठला, यावरून नावं: तोमाए, सुइता, आइसा, हाचिमाई. रंगावरून नावं: फिकट पिवळा, अंड्याच्या रंगाचा, निळसर-हिरवट आसागी. नक्षीवरून नावं: नाशी म्हणजे जपानी नाशपाती, तिच्या सालीसारखे ठिपके असले तर नाशिजी, काळे डाग असले तर करासू, म्हणजे कावळा. नाकायामा खाणीचा 'मारुका' शिक्का असेल तर किंमत कुठल्या कुठे जाते. हे सगळं वाचून माझ्या हातातल्या दगडाबद्दल मला काहीच कळेना. करासू म्हणावा तर डाग पुरेसे नाहीत. आसागी म्हणावा तर रंग पिवळा.

या गोंधळातून मला वाट दाखवली ती भूविज्ञानाने. क्योतोच्या वायव्येला ९२४ मीटर उंचीचा आतागो डोंगर आहे. त्याच्या पूर्वेला उमेगाहाता-नारुताकी भागात नाकायामा, ओझुकू, शोबुदानी, ओकुदो या नामांकित खाणी होत्या. पश्चिमेला कामेओकाच्या बाजूला मारुओयामा. बहुतेक खाणी आता बंद आहेत. या पट्ट्यातला दगड मुळात खोल समुद्राच्या तळाचा गाळ आहे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळ संपून ट्रायासिक सुरू होत असताना, पृथ्वीवर आजवरचा सगळ्यात मोठा जीवसंहार झाला. त्याआधी समुद्रतळावर रेडिओलेरिया या सूक्ष्मजीवांच्या सिलिकाच्या कवचांचा थर साचत असे आणि त्यातून चर्ट हा अतिशय कठीण खडक बनत असे. संहारात हे जीवही जवळजवळ नाहीसे झाले. चर्ट बनणं थांबलं आणि त्याच्या जागी, हजार वर्षांत काही मिलिमीटर इतक्या संथपणे, सिलिकायुक्त चिकणमाती साचत गेली. भूवैज्ञानिक या खडकाला धारेच्या दगडावरूनच 'तोइशी' प्रकारचा खडक म्हणतात. पुढे सागरी भूपट्ट सरकत आला आणि हा गाळ आशिया खंडाच्या कडेला चिकटून डोंगर झाला.

म्हणजे या दगडात आहेत क्वार्ट्झचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांना धरून ठेवणारी माती. शुद्ध चर्ट असता तर कण सुटले नसते आणि दगड काचेसारखा गुळगुळीत होऊन बसला असता. नुसती माती असती तर पोलाद कापलं गेलं नसतं. दोन्हींचं प्रमाण मात्र थराथराला बदलतं, आणि वरचा थर मऊ तर हातभर खालचा कठीण, असं एकाच खाणीत होतं. हे कळल्यावर खाणीचं नाव कळून घेण्याची माझी ओढ संपली. नाकायामाचा म्हणून दगड चांगला निघेलच असं नाही; माझा बिननावाचा आहे म्हणून वाईट असेलच असंही नाही. दगडागणिक तपासावं लागणार होतं.

मी त्याची घनताही काढली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडं वजन, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून वजन. कोरड्या वजनाला दोन्हींच्या फरकाने भागलं की झालं. आकडा २.७च्या जवळ आला. क्वार्ट्झची घनता २.६५, तेव्हा दगड घट्ट आहे, पोकळ नाही, एवढं खात्रीने कळलं. धारेबद्दल त्यातून काही कळत नाही. घनतेवरून बारीकपणा सांगणारे लोक आहेत. मला ते पटलेलं नाही.

नंतरचं काम कंटाळवाणं, पण टाळता न येणारं. जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवून दगडाची वरची बाजू सपाट केली. त्यावर पेन्सिलने चौकटी आखायच्या आणि घासत राहायचं. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या की दगड सपाट. कडा गोल केल्या, म्हणजे पातं अडकत नाही. कोपऱ्यातली काळी रेष पोलादी टोच्याने पृष्ठभागाच्या खाली जाईल इतकी खरवडून काढली. जपानी कारागीरही असंच करतात: ओरखडणारी रेष कोरून टाकली की उरलेला दगड बिनधास्त वापरता येतो. बाजूंना रोगण दिलं, कारण थरांमध्ये पाणी मुरलं की दगड फुटू शकतो, हिवाळ्यात ते गोठलं तर हमखास. पूर्वी यासाठी उरुशी हे पारंपरिक जपानी रोगण वापरत; आता 'काशू' नावाचं रोगण मिळतं, जे काजूच्या टरफलाच्या तेलापासून करतात. कोकणात हाताची साल काढणारं ते तेल क्योतोच्या दगडाला राखतं, हे वाचून मला मनापासून आनंद झाला.

आता तपासणी. वस्तऱ्याला धार लावण्यात एक मोठी सोय आहे: पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकवायची, की कोन आपोआप ठरतो. हाताने कोन धरावा लागत नाही. पण त्यामुळेच आधीची पायरी कच्ची असेल तर पुढचा दगड कितीही चांगला असो, काही उपयोग नाही. १००० नंबरच्या कृत्रिम दगडावर दोन्ही बाजूंचे उतार धारेत नीट मिळाले पाहिजेत. मग ५०००, मग ८०००. जपानी मानकाप्रमाणे ८००० नंबरच्या दगडाचे कण सरासरी १.२ मायक्रॉनचे असतात, आणि तिथवर नीट आणलेल्या धारेने दाढी होते. आरामाची नाही, पण होते. ही धार हाच माझा आधार होता. नैसर्गिक दगडाने ती सुधारली की बिघडवली, एवढंच मला ठरवायचं होतं.

सान्जो शहराचे धातुशास्त्रज्ञ आणि वस्तऱ्यांचे कारागीर इवासाकी कोसुके यांनी वस्तऱ्याच्या धारेवर फार बारकाईने लिहिलं आहे. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत नागुरा या छोट्या दगडांनी मोठ्या दगडावर पिठूळ गाळ काढतात: आधी बोतान, मग तेन्जो, मग मेजिरो, शेवटी अवासेदोच्याच जातीचा तुकडा. पहिले तिन्ही मिकावा भागातले, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेले. चांगल्या शिक्क्याचा एकेक नागुरा माझ्या दगडापेक्षा महाग. मी ते घेतले नाहीत, कारण त्यांचं बरंचसं काम माझे कृत्रिम दगड करत होते.

तरी गाळाचा प्रश्न राहिलाच. घट्ट दगड नुसत्या पाण्याने फार सावकाश कापतो. गाळ काढला की कापतो, पण दाट गाळात वस्तऱ्याची धार सुट्या कणांतून नांगरत जाते आणि तिचं टोक बोथटतं. हिऱ्याच्या पट्टीने दगड घासून गाळ काढला तर पट्टीचे ओरखडे दगडावर राहतात. कुणी म्हणे गाळ हवाच, कुणी म्हणे नुसतं पाणी. दोन्ही बाजूंची माणसं अनुभवी.

आमच्या गल्लीच्या टोकाला न्हाव्याचं जुनं दुकान आहे. मालक सत्तरीच्या पुढचे. आता बदलत्या पात्याने काम करतात, पण तरुणपणी रोज दगडावर वस्तरा लावलेला. त्यांच्यापुढे दगड ठेवला. त्यांनी आधी तो हातात तोलला, पाणी घातलं आणि माझा वस्तरा त्यावर अगदी हलक्या हाताने फिरवला. डोळे दगडावर नव्हते; मान किंचित कलती करून ते ऐकत होते. "कठीण आहे," ते म्हणाले. "खर नाही. वस्तऱ्याला चालेल." मग खणातून अंगठ्याएवढा एक तुकडा काढला. "गाळ या मोठ्या दगडाचा काढू नका. याचा काढा, हा जरा मऊ आहे. मऊ दगड झिजला की गाळ त्याचा येतो. आणि गाळ तसाच ठेवू नका. थेंब थेंब पाणी घालत पातळ करत न्या, शेवटी निव्वळ पाण्यावर या. हाताचा भार पात्यावर नको."

हे करून पाहिल्यावर एकमेकांना छेद देणारे सगळे सल्ले जागच्या जागी बसले. दाट गाळ ८०००चे ओरखडे काढतो. पातळ होत गेलेला गाळ धारेचं टोक पुन्हा वर आणतो. निव्वळ पाणी शेवटचा हात देतं. गाळ काळवंडला की पोलाद कापलं जातंय हे दिसतं. शेवटाकडे पातं दगडाला धरून राहू लागतं, ओल्या काचेवर दुसरी काच सरकवावी तसं. आवाज जवळजवळ बंद होतो.

मग भिंगाखाली पाहिलं आणि पुन्हा बुचकळ्यात पडलो. कृत्रिम दगडाने उतार आरशासारखा चमकतो. माझ्या दगडाने तो धुरकट झाला होता. चकाकी गेली म्हणजे धार गेली असंच कुणालाही वाटेल. पण ही धूसरता नैसर्गिक दगडाची खूणच आहे: वेगवेगळ्या खोलीचे अतिसूक्ष्म ओरखडे प्रकाश विखुरतात. चकाकी उताराबद्दल सांगते. कापणारी रेषा तिच्याही पलीकडे असते. केस लोंबता धरून धारेवर टेकवला, तर कृत्रिम दगडाची धार तो टचकन तोडत होती आणि नैसर्गिकची जरा संथपणे. या परीक्षेवर थांबलो असतो तर दगड नापास झाला असता.

म्हणून एकसारखे दोन वस्तरे घेतले. दोन्ही ८०००पर्यंत सारखेच आणले. एकाचा शेवट नानिवा या कंपनीच्या १२०००च्या कृत्रिम दगडावर केला, दुसऱ्याचा बाजारातल्या दगडावर. दोन्ही चामड्याच्या पट्ट्यावर सारखेच फिरवले. उजवा गाल एकाने, डावा दुसऱ्याने; पुढच्या दाढीला गालांची अदलाबदल, कारण आपला हात दोन्ही बाजूंना सारखा चालत नाही. साबण तोच, पाणी तितकंच गरम. दाढी झाल्यावर गार पाणी आणि मग सगळ्या चेहऱ्यावर ओली तुरटी.

या तपासणीत मला सगळ्यात भरवशाची वाटली ती तुरटी. आपल्याकडचा न्हावी ती शेवटी फिरवतो, ते कापलं असेल तर रक्त थांबावं आणि कातडी आवळावी म्हणून. पण डोळ्यांना न दिसणारं खरचटणंही ती दाखवून देते. जिथे पात्याने केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्रा खरवडला असेल, तिथे ती झोंबते. १२०००च्या बाजूने केस चटकन गेले, पण हनुवटीखाली आणि जबड्याच्या कोपऱ्यावर तुरटी स्पष्ट झोंबली. नैसर्गिक दगडाच्या बाजूला पात्याची चाल तितकी चपळ नव्हती, ओठावरच्या राठ केसांना दुसरा हात द्यावा लागला, पण तुरटी जवळजवळ लागलीच नाही. गाल बदलले तरी निकाल वस्तऱ्याबरोबर गेला, गालाबरोबर नाही. तेव्हा माझी खात्री पटली.

कामेओकाला नैसर्गिक धारेच्या दगडांचं एक संग्रहालय आहे. क्योतोहून कामेओकापर्यंत रेल्वेने सहज जाता येतं. वेगवेगळ्या खाणींचे दगड तिथे एका जागी बघायला मिळतात. विकत घेण्याआधी ते पाहून घेणं फार उपयोगाचं.

माझ्या दगडाबद्दलचं मत असं: ८००० नंतरचा शेवटचा दगड म्हणून तो उत्तम आहे, मऊ कातडीच्या माणसाला १२०००पेक्षा बरा, पण संथ आहे आणि आधीची कच्ची धार तो सुधारत नाही. स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी तो लहान आणि फार बारीक. तीन-चार हजार येनचा कोप्पा घेणार असाल तर नाव विचारू नका. पाणी ओता, रेषांवरून नख फिरवा, बाजूचे थर बघा, आणि त्याच जातीचा जरा मऊ, अंगठ्याएवढा तुकडा बरोबर मागून घ्या. ८०००वर दाढी होईल इतकी धार आणता येईपर्यंत मात्र दगडावर पैसे घालू नका. तोवर महागडा शिक्क्याचा दगडही तुम्हाला काही दाखवू शकणार नाही.